पट्टी आणि टिपणी

डोक्यावरचे केस गेल्याचं दुःख जुळ्या भावांना सारखंच व्हायला हवं, निदान हिशेबानं तरी. पण तसं झालं नाही. थोरल्याचे केस गेले तेव्हा त्यानं घरातले आरसे पालथे घालायचे तेवढे बाकी ठेवले. धाकट्याला मात्र आपले गेल्याचं कुणीतरी सांगितल्यावर कळलं. ‘बरं झालं, टॉवेल लवकर वाळेल,’ एवढं म्हणून तो पाण्यात उतरला.

धाकटा पोहायला शिकवायचा. एका मोठ्या बंदिस्त तलावावर त्याचे सकाळ-संध्याकाळ वर्ग असायचे. तलावाचा नियम असा, की केस असलेल्यानं रबरी टोपी घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही, आणि टक्कलवाल्याला माफी. ही माफी धाकटा पदक मिळाल्यासारखी मिरवायचा. थोरला एका हॉटेलच्या दर्शनी काउंटरवर उभा असायचा. तिथं मानेवर केस आलेले चालत नसत, बुटाला धूळ चालत नसे आणि तोंडावर कंटाळा तर मुळीच चालत नसे. त्याचं कपाळ मागं सरकत गेलं तसा तोही मागं सरकला. मॅनेजरनं त्याला काउंटरवरून उचलून आतल्या बिनखिडकीच्या खोलीत फोन घ्यायला बसवलं. कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही. थोरल्यानं ते आपलं आपणच ओळखलं, आणि ते खरंच होतं.

दोघांत फरक जेमतेम काही मिनिटांचा, पण त्या मिनिटांचं मोठेपण थोरल्यानं जन्मभर वसूल केलं. आई धाकट्याला ‘दादा म्हण’ म्हणून शिकवायची आणि धाकटा म्हणायचा नाही. एवढी एक गोष्ट सोडली तर तो थोरल्याचं सगळं ऐकायचा. थोरल्याला गणित जमत नव्हतं, म्हणून शाळेत एकदा धाकट्यानं दोनदा परीक्षा दिली. थोरल्यानं शेजाऱ्यांची काच फोडली आणि मार धाकट्यानं खाल्ला. उलट बाजूनंही अदलाबदल व्हायची, नाही असं नाही. धाकटा तापानं पडला असताना त्याचं पोहण्यातलं बक्षीस थोरल्यानं स्टेजवर जाऊन घेतलं, आणि टाळ्या इतक्या मनापासून स्वीकारल्या की घरी परतेपर्यंत आपल्याला पोहता येत नाही हेही तो विसरला होता. कुणी विचारलं, ‘तू थोरला की धाकटा?’ तर दोघांचं ठरलेलं उत्तर होतं, ‘काय फरक पडतो?’ आई तेवढी चेहऱ्यावरून बरोबर ओळखायची. पण पाठमोरे उभे राहिलात तर मलासुद्धा विचारावं लागतं, असं तीच हसत सांगायची.

एक फरक होता, पण तो शर्टाच्या आत. लहानपणी थोरल्याचा चेंडू कुंपणापलीकडे गेला, तो आणायला धाकटा चढला आणि कुंपणाचा खिळा त्याच्या छातीत घुसला. जखम लहानशी होती, पण भरली ती उभी फुगून, बोटाएवढा जाड वण ठेवून. थोरल्याचं पुढं पोटाचं ऑपरेशन झालं. त्याचा वण इतका बारीक की शोधावा लागे. पोहायला येणाऱ्या मुलांना धाकटा सांगायचा, की मला एकदा माशानं धरलं होतं. मुलांना ते पटायचं, आणि वणाचा विषय तिथंच संपायचा.

तर केस. थोरला एका केसांच्या दवाखान्यात चौकशी करून आला. खर्च ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बोलता बोलता तो डॉक्टरांना म्हणून गेला होता, की आम्ही जुळे आहोत आणि धाकटाही असाच गुळगुळीत आहे. त्यावर म्हणे डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. एकच रक्त, एकच चेहरा, एकसारखं गेलेलं टक्कल. एकावर एक पद्धत, दुसऱ्यावर दुसरी. दोघांचं फुकट करून देतो, फक्त दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावायची परवानगी द्या. एकट्याचं मात्र फुकट होणार नाही, जोडी पाहिजे.

धाकट्याला केस नको होते. त्यानं तसं स्पष्ट सांगितलंही. मग थोरला त्याच्यासमोर बसला आणि त्या बिनखिडकीच्या खोलीबद्दल बोलला. तिथं दिवसभर लोकांना ‘आपलं स्वागत आहे’ म्हणावं लागतं आणि समोर भिंत असते, हे सांगताना त्याचा आवाज फुटला. धाकट्याला भावाचा रडवा आवाज कधीच सहन झाला नाही. ‘बरं, उगवू देत माझ्याही,’ तो म्हणाला. भावाच्या नवसाला आपलं डोकं, असा हा प्रकार होता.

पहिल्या भेटीला दोघे गेले. डॉक्टरांनी दोघांना कमरेपर्यंत उघडं करून तपासलं, डोक्याची मागची बाजू चिमटीत धरून पाहिली, छातीचा वण पाहिला, पोटाचा वण पाहिला, आणि मग दोन्ही पद्धती समजावून दिल्या. त्यांची इंग्रजी नावं दोघांच्या लक्षात राहिली नाहीत. घरी येऊन आईला सांगताना धाकट्यानं एकीला ‘पट्टी’ म्हटलं आणि दुसरीला ‘टिपणी’, आणि तीच नावं पडली. पट्टी म्हणजे डोक्याच्या मागं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केसांसकट कातडीची लांब पट्टी कापून काढायची, कडा जुळवून टाके घालायचे, आणि त्या पट्टीतली मुळं सुटी करून पुढं रोवायची. मुळं भरपूर मिळतात, मागचे केस विरळ होत नाहीत, पण एक रेघ जन्माची राहते आणि ती झाकायला मागं केस वाढवावे लागतात. टिपणी म्हणजे कोंबडीनं दाणे टिपावेत तशी बारीक पोकळ सुईनं एकेक मूळ मागून उचलायची. कापणं नाही, टाके नाहीत, नुसते ठिपके. पण आधी सगळं डोकं भादरावं लागतं, बसून बसून कंबर धरते आणि मागचं रान थोडं उजाड होतं. डॉक्टर म्हणाले, चांगली-वाईट असं काही नाही, डोकं बघून ठरवायचं असतं. दुसऱ्या भेटीत एकेकाला बोलावून सांगतो, कुणाला काय.

दुसऱ्या भेटीच्या दिवशी धाकट्याला तलावावर परीक्षा घ्यायच्या होत्या. थोरला म्हणाला, त्यात काय, मी दोघांच्या नावानं जाऊन येतो. तो आधी थोरला म्हणून आत गेला, बाहेर आला, धाकट्याचा निळा शर्ट चढवला आणि धाकटा म्हणून पुन्हा आत गेला. घरी येऊन त्यानं सांगितलं, की मला पट्टी, तुला टिपणी. सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. कापायची म्हणताहेत ना, म्हणून घाबरला असेल, असं धाकट्याला वाटलं.

तो घाबरला होताच. ऑपरेशनच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत त्याची पाचावर धारण बसली. परिचारिकेनं दोघांच्या मनगटाला प्लॅस्टिकचे पट्टे बांधले होते, थोरल्याला पिवळा आणि धाकट्याला निळा. अंगात मागून बांधायचे गाऊन होते. थोरला बाकावर बसून मनगटावरचा पिवळा पट्टा नुसता फिरवत राहिला. मग म्हणाला, की मानेवर केस वाढवले तर हॉटेलवाले मला परत काउंटरवर घेतील का? पट्टीची रेघ झाकायची तर केस हवेत, आणि केस ठेवले तर काउंटर नाही. मग हे सगळं कशासाठी? तुझं तसं नाही. तुला कोण विचारतंय, मागून कसा दिसतोस ते?

धाकट्याला मुद्दा पटला. फक्त त्यानं एक विचारलं.

“पण डॉक्टरांनी मला टिपणी का दिली असेल? काही कारण असेल ना?”

“कारण कसलं? नाणं उडवलं असेल,” थोरला म्हणाला. “काय फरक पडतो?”

हे वाक्य दोघांचं लहानपणापासूनचं. त्यावर वाद घालायची धाकट्याला सवयच नव्हती. दोघांनी साबणाच्या पाण्यानं पट्टे सैल करून मनगटांवरून ओढून काढले आणि बदलून घातले. धाकट्यानं पिवळा, थोरल्यानं निळा. शाळेत भावाच्या नावानं परीक्षा दिली होती तितक्याच सहज.

धाकट्याला पालथं झोपवलं. भुलीची इंजेक्शनं मागं ओळीनं बसली, आणि मग दुखलं नाही. फक्त कुणीतरी चटई गुंडाळावी तशी कातडी ओढली जाते आहे हे कळत राहिलं. टाके घालताना दोरा सरकल्याचा आवाज थेट कवटीत ऐकू यायचा. शेजारच्या टेबलावर तीन बायका सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्याच्या पट्टीतली मुळं सुटी करत होत्या आणि मधूनमधून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. पलीकडच्या खोलीत थोरला डोकं भादरून बसला होता आणि टीव्ही बघत होता.

केस दोघांनाही छान आले. आधी रोवलेले गळाले, आई हवालदिल झाली, मग पुन्हा उगवले. समोरून पाहिलं तर धाकट्याचे जास्तच दाट होते, पट्टीतून मुळं भरपूर मिळाली होती ना. ज्याला नको होते त्याला देवानं छप्पर फाडून दिले, असं तलावावरचा शिपाई म्हणायचा.

पण मागं दुसरंच काहीतरी वाढत होतं. टाक्यांची रेघ आधी लाल झाली, मग फुगली, मग कडक झाली. सहा महिन्यांत धाकट्याच्या डोक्याला मागून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोरखंड गुंडाळल्यासारखा वण उभा राहिला. तो खाजायचा, जळजळायचा, उशीवर टेकू द्यायचा नाही. आणि आता धाकट्याला केस होते, म्हणजे त्याला टोपी घालायची होती. नियम तो नियम. टोपीची रबरी कड नेमकी त्या वणावर बसायची. क्लोरीनचं पाणी आत शिरायचं आणि धाकटा पाण्यात उभा राहून मुलांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवताना स्वतः दात आवळून उभा असायचा. टोपी काढली की ओले केस फाकायचे आणि मागं बसलेल्या पालकांना सगळं दिसायचं. एका बाईनं व्यवस्थापकाकडं जाऊन हळूच विचारलं, की सरांचं ते लागण होण्यासारखं काही नाही ना? तेव्हापासून मोठ्या मुलांचे वर्ग दुसऱ्याकडं गेले.

थोरल्याचं उलट झालं. त्याला हॉटेलानं काउंटर परत दिलाच नाही, पण डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. दर्शनी हॉलमध्ये बसायचं, येणाऱ्या टकलू मंडळींना धीर द्यायचा आणि शेवटी मान वळवून डोक्याची मागची बाजू दाखवायची. हातच्या काकणाला आरसा कशाला! भिंतीवर दोन डोक्यांचे मोठे फोटो होते. एकाखाली ‘थोरला भाऊ, पट्टी पद्धत’ आणि दुसऱ्याखाली ‘धाकटा भाऊ, टिपणी पद्धत’ अशा अर्थाचं लिहिलं होतं. दवाखान्यात सगळे थोरल्याला ‘धाकटे साहेब’ म्हणत. त्याला सवय झाली होती. समोर खिडकी होती, माणसं होती, कपाळावर केस होते. इतका सुखी तो कधीच नव्हता.

कोड्यात पडले होते ते डॉक्टर. त्यांच्या नोंदीप्रमाणं थोरल्याची कातडी चांगली, पोटाचा वण पेन्सिलीच्या रेघेएवढा. मग हा दोरखंड कुठून आला? त्यांनी पाहिलं, दाबलं, विचार केला आणि ठरवलं, की शिवताना ताण पडला असणार, दोष आपल्या हाताचा. थोड्याच दिवसांत त्यांना बऱ्याच डॉक्टरांसमोर या दोन डोक्यांवर बोलायचं होतं. त्याआधी हा वण कापून काढून नव्यानं नीट शिवून देतो, असं त्यांनी सांगितलं. चूक माझी आहे, तीच निस्तरतो, इतकं सरळ बोलले बिचारे.

धाकटा तारीख घेऊन आला. त्या संध्याकाळी वर्ग संपल्यावर तो कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर उघडा उभा होता. एक हात मानेच्या वर वणावर होता आणि दुसऱ्या हातानं तो सहज छाती पुसत होता. बोटांना दोन्हीकडं एकच लागलं. तोच कडकपणा, तीच चकचकीत कातडी, कडेला तीच खाज. म्हणजे शिवण्यात काही चुकलं नव्हतं. त्याची कातडीच अशी भरत होती, आणि पुन्हा कापलं तर पुन्हा अशीच भरणार होती, कदाचित याहून वाईट.

तो शर्ट चढवून तसाच थोरल्याच्या बिऱ्हाडी गेला. वहिनीनं चहा टाकला. धाकट्यानं शर्टाचं बटण काढून छाती दाखवली आणि मानेमागं हात लावून सांगितलं, की हे दोन्ही एकच आहे. डॉक्टरांना खरं सांगू या. मी धाकटा आहे म्हणून सांगू, म्हणजे ते कापणार नाहीत.

थोरला चहाचा कप हातात धरून ऐकत होता. मग त्यानं वहिनीला आत पाठवलं.

खरं सांगितलं तर काय होईल, हे त्यानं नीट समजावून दिलं. फोटो उतरतील. तुलना खोटी ठरेल. एवढ्या लोकांसमोर बोलायचं ठरवून बसलेल्या डॉक्टरांची नाचक्की होईल, आणि मला ते दुसऱ्या दिवशी हॉलमधून उठवतील. हॉटेल तर गेलंच आहे. मग मी पुन्हा कुठल्या भिंतीकडं तोंड करून बसू? धाकटा म्हणाला, पण ते पुन्हा कापणार आहेत. थोरला त्याच्या शेजारी सरकून बसला, गळ्यात हात टाकला, आणि त्याचा हात नेमका वण टाळून खांद्यावर पडला.

“डॉक्टर इतके शिकलेले आहेत. ते म्हणतात शिलाई चुकली, तर चुकलीच असेल. एकदा कापून घे, या वेळी नीट बसेल. माझ्यासाठी एवढं कर धाकट्या, पुन्हा काही मागणार नाही.”

लहानपणापासून धाकट्यानं हे वाक्य किती वेळा ऐकलं होतं, त्याची गणती नव्हती. आणि प्रत्येक वेळी त्याचा विश्वास बसला होता. याही वेळी तो हो म्हणून घरी आला. भोळेपणाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही, पण धाकटा नुसता भोळा नव्हता. थोरल्याचं त्याच्यावाचून अडतं, ही गोष्ट त्याला मनातून आवडायची. तीच त्याच्या मुळावर आली.

ठरल्या दिवशी पुन्हा तीच बदलायची खोली, तोच मागून बांधायचा गाऊन आणि मनगटावर तोच पिवळा पट्टा. परिचारिकेनं विचारलं, “थोरले ना?” आणि तो हो म्हणाला. त्याला पालथं झोपवलं. डॉक्टरांनी वणाभोवती पेननं रेघ आखायला घेतली. पेनचं टोक गार होतं, आणि ते वणाच्या एका टोकापासून सरकत निघालं तेव्हा धाकट्याला एकदम तलाव आठवला. रबरी कड आठवली. मागच्या बाकावरची ती बाई आठवली. रेघ अर्ध्यावर आली असताना तो बोलला.

“डॉक्टर, मी थोरला नाही.”

पेन थांबलं. धाकटा उठून बसला, त्यानं गाऊन खांद्यावरून खाली ओढला आणि छाती दाखवली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. मग त्याचा गाऊन पोटावरून बाजूला करवून पाहिलं. तिथं ऑपरेशनचा बारीक वणही नव्हता. त्यांनी हातमोजे काढले, स्टूल ओढलं आणि बसले. खोलीतल्या दोघी परिचारिकांना बाहेर जायला सांगितलं.

धाकट्यानं सगळं सांगितलं. पट्टे, साबणाचं पाणी, बदललेल्या खोल्या. आपण पोरकटपणा केला, तुमचं नुकसान केलं, असंही तो म्हणाला. डॉक्टर रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. ते त्याच्याकडं बघत राहिले, जसं एखाद्यानं स्वतःहून चालत्या गाडीखाली पाय घातल्यावर बघावं.

“पण मी तुम्हाला बजावलं होतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या भेटीत. समोर बसवून, तुमच्या छातीवरच्या वणाबद्दल बोललो. म्हटलं, तुमची कातडी जाड भरते, तुमच्या मानेला कधी सुरी लावू देऊ नका, मागं दोरखंड उभा राहील. तुम्ही मला दोनदा विचारलंत, नक्की का म्हणून. निळा शर्ट होता तुमचा. एवढं सांगूनही तुम्ही पट्टीखाली येऊन झोपलात?”

धाकट्याला आधी काहीच कळलं नाही. मग निळा शर्ट कळला. मग बाकी सगळं कळलं. घरी आल्यावरचा तो उतरलेला चेहरा, बाकावर बसून पट्टा फिरवणं, नाणं उडवलं असेल म्हणणं. आणि त्याहून वाईट म्हणजे परवाची संध्याकाळ, चहाचा कप आणि वण टाळून खांद्यावर पडलेला तो हात. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते धाकट्याला वयाच्या चाळिशीत, गाऊन पोटाशी धरून बसलेला असताना कळलं.

“हो,” तो डॉक्टरांना म्हणाला. “चूक झाली.”

डॉक्टर म्हणाले, आता सुरीचं नाव काढायचं नाही. वणात इंजेक्शनं देऊ, हळूहळू थोडा बसेल, पूर्ण जाणार नाही. फोटो आजच उतरवतो. तुमच्या भावाचं काय करायचं ते मी बघतो. हे शेवटचं वाक्य ते उभे राहून म्हणाले.

हॉलमध्ये थोरला एका गिऱ्हाइकाला मान वळवून दाखवत होता. ठिपके दिसतात का बघा, नाही ना दिसत, असं चाललं होतं. धाकटा कपडे करून भिंतीपाशी थांबला, दोन फोटोंच्या खाली. गिऱ्हाईक गेल्यावर थोरला लगबगीनं आला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती खरी होती हे धाकट्याला दिसत होतं. फक्त ती कुणाची होती, एवढंच आता कळत होतं.

“इतक्यात झालं? काय म्हणाले?”

“म्हणाले, धाकट्याला मी बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या भेटीत.”

थोरल्याचा हात आपोआप डोक्याकडं गेला आणि केसांवरून एकदा फिरून खाली आला. तो कुणी ऐकतंय का ते पाहायला इकडंतिकडं बघू लागला. मग हळू आवाजात म्हणाला, की मला वाटलं डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

“आणि परवा?” धाकट्यानं विचारलं. “परवाही तुला तसंच वाटलं?”

थोरला चिडला. पकडला गेला की तो नेहमीच चिडायचा.

“तुला कधी केस हवे होते का? तू दिवसभर पाण्यात असतोस, टोपी घालतोस. तुझं मागचं डोकं कोण बघायला बसलंय?”

धाकट्यानं त्याच्याकडं पाहिलं. आपलंच तोंड, आपलेच डोळे, आपल्याला हवं तसं कधीच न बोललेलं आपलंच तोंड. मग तो म्हणाला, “येतो दादा.” जन्मात पहिल्यांदा तो त्याला दादा म्हणाला, परक्या माणसाला म्हणावं तसा, आणि बाहेर पडला. थोरला मागून हाका मारत दारापर्यंत आला. पण हॉलमध्ये नवीन गिऱ्हाईक आलं होतं, त्यामुळे तो परत फिरला.

धाकटा सरळ न्हाव्याकडं गेला. न्हावी म्हणाला, मागं थोडे लांब राहू देतो, झाकलं जाईल. धाकटा म्हणाला, सगळे काढा. पुढचेही. न्हाव्याला हळहळ वाटली, इतके दाट केस, लोक यासाठी काय काय करतात. पण त्यानं यंत्र लावलं. पट्टीतून निघून पुढं रोवलेले, गळालेले, पुन्हा उगवलेले ते केस फरशीवर पडले आणि न्हाव्यानं ते झाडून इतरांच्या केसांत मिसळले. उद्यापासून तलावावर टोपीची माफी होती. वण सगळ्यांना दिसणार होता, दिसू दे. मुलांनी विचारलं तर मासा म्हणून सांगता येणार नव्हतं, एवढीच एक अडचण होती.

घरी आई स्वयंपाकघरात होती. धाकटा तिला न सांगता आत गेला आणि पाठमोरा उभा राहून नळाखाली हात धुऊ लागला. मागं पावलं थांबली. थोरला की धाकटा, असं ती विचारील म्हणून तो वाट पाहत राहिला. तिनं विचारलं नाही. तिची बोटं हलकेच वणाच्या कडेला टेकली.

“दुखतं का रे धाकट्या?”

“नाही.”

मग ती म्हणाली, की थोरल्याचं किती छान जमलं. दोघांना एकाच वेळी पोटात वाढवलं, एकाच ताटात जेवू घातलं, पण नशीब शेवटी ज्याचं त्याचं. धाकट्यानं नळ बंद केला. नशीब नव्हतं आई, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण तिच्याजवळ दोनच मुलगे होते. त्यानं हात पुसले आणि जेवायला काय आहे ते विचारलं.